पेन्सिलीची जागा

विश्राम मेस्त्रींच्या कानामागची पेन्सिल मागून घेत
डॉक्टर तळपदे बाईंनी कागदावर यकृत काढलं,
पाण्याने फुगलेल्या फळीसारखं.
"इथे सूज. इथे सोडू तुमच्याच मूळपेशी.
रुजतील की नाही, आत्ताच नाही सांगता येत.
धूर मात्र बंद. त्यांना सोसत नाही."

कमरेच्या हाडातून काढणार म्हणे,
त्यांच्यातलं अजून काहीच न झालेलं,
साठाव्या वर्षीही
काहीही होऊ शकेल असं.

परळला, फाटकाबाहेर, टपरीवाल्याने
न विचारता नेहमीची पुढे केली.
काडी पेटली,
जळत जळत बोटांपर्यंत आली.

"काय मेस्त्री, दुसरी काडी देऊ?"

"राहू दे."
सिगरेट तशीच कानामागे खोचली.
पेन्सिल वरच राहिली होती,
सातव्या मजल्यावर.