शहाण्णव टक्के

थंडर बे, उणे एकतीस.
आयली कोस्केलाच्या तळघरात मी गुडघ्यांवर,
टॉर्च दातांत.
भट्टी एकोणऐंशीची, हिरवी, अस्वलाएवढी.
अंगावर तोइवोच्या हातची पेन्सिल:
फिल्टर बदलला. फिल्टर बदलला. फिल्टर
आणि पुढे तारीख नाही.

"पत्रा झिजलाय. काढेल फार तर एखादा हिवाळा."

वर टेबलावर पत्रकं पसरली.
ऐंशी टक्केवाली स्वस्त.
शहाण्णववाली महाग, पण चिकट बाई,
धुरातली वाफसुद्धा पिळून घेते;
उरतो तो कोमट उसासा,
प्लॅस्टिकच्या नळीतून भिंतीबाहेर जातो.
"चिमणी लागणारच नाही," मी म्हणालो.

तिनं कॉफी ओतली. खिडकीकडे पाहिलं.
"मग कावळ्यांचं काय?"

शेजारच्या गराजच्या काचेत आमचं छप्पर दिसत होतं:
सगळं पांढरं, चिमणीभोवती तेवढं काळं वर्तुळ,
त्यात दोन डोमकावळे, पिसं फुगवून.
"बिल आलं की तोइवो म्हणायचा,
निम्मं त्यांच्या नावावर टाका."

मी खिडक्या मोजल्या, फटी चाचपल्या,
किती वर्षांत पैसे वसूल ते मांडलं.
फॉर्मवर कावळ्यांना रकाना नव्हता.

घेतली तिनं शहाण्णवचीच. सही ठसठशीत.

गुरुवारी भिंतीला भोक पाडताना
ती बाहेर येऊन उभी, नवऱ्याच्या कोटात.
"जरा वर घे. अजून.
आणि शेजारी एक फळी ठोक.
बसायला."

नळीच्या तोंडापासून अंतर सोडावं लागतं, नियम आहे.
मी टेप काढली.