लाल पेन

बुधवारी, मधल्या सुट्टीनंतर, आनंदाचा तास.
वेळापत्रकात तसंच छापलंय, भूगोलाच्या वर.

वाशीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं:
मुलांनी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या,
आपण फक्त वाचायच्या.
मला फक्त वाचता येत नाही.
एकवीस वर्षांची हाताला खोड.

दिघ्याची शाळा. खिडकीतून डोंगर दिसतो,
फोडून उरलेला तेवढा.
सातवी ब. छप्पन्न वह्या.
कुणाचं मांजर व्यायलं,
कुणाला बसमध्ये खिडकी मिळाली,
प्रचिता तांडेलला भूमितीत आठ, दहापैकी!
दुर्गेशच्या वहीत, कोपऱ्यात, बारीक:
१. पाणी आलं.
२. ताईचा ताप उतरला.
३. पप्पा रात्री घरी आले नाय.

मी 'नाय' खोडलं. वर लिहिलं, 'नाहीत'.
बरोबरची खूण. छान.
पुढची वही.

रात्री भांडी घासताना
साबणाचा हात तसाच राहिला.
तिसरी गोष्ट.
चांगल्या गोष्टींतली तिसरी.

पुढच्या बुधवारी त्याच्या बाकाशी गेले.
काय विचारायचं ते फायलीत होतं,
फाईल कपाटात, किल्ली मोरेकाकांकडे,
मोरेकाका रजेवर.
तो सरकला. अर्धा बाक मोकळा.
वही माझ्यापुढे ढकलली, पेन्सिलीसकट
(त्या पानावर माझं 'छान' अजून लालच)
"बाई, तुम्ही पण लिहा की."

१. दुर्गेशने जागा दिली.

दुसरी सुचेना.
त्याने घाई केली नाही.
घंटा झाली, भूगोलाचे सर दारात,
आणि आम्ही दोघं
दोन या आकड्यापुढच्या टिंबाकडे बघत.