ओठ ताणून

डिचोलीत, बेकरीच्या माडीवर, संध्याकाळी साडेसात.
खालून पाव भाजल्याचा वास,
फळ्यावर एकच क्रियापद: लीव्ह.
समोर नऊजण. खाण बंद झाल्यापासून रिकामे
सात टिपर ड्रायव्हर, एक नर्स,
आणि तीन वर्षं बोटीवर जाणारच असलेला कायतान.

लीव्ह म्हणजे निघणे, मी सांगते.
सोडणे. नोकरी, विडी, गाव.
ठेवून जाणे. चावी शेजारी, ताटात शेवटचा घास.
आणि नाम असेल तर रजा.
नर्स मान हलवते. ती तिला ठाऊक आहे, नाकारलेली.

भूतकाळ, लेफ्ट.
"म्हणजे डावीकडे?" शाबा मळीक विचारतो.
हो, तेही. उरलेलं, तेसुद्धा.
तो वहीत लिहितो: गेला, डावा, उरला.
मग पेन थांबवून,
"टीचर, जो गेला तोच उरला कसा?"
खाली भट्टीपाशी कुणीतरी ट्रे आपटतं.
पुढच्या आठवड्यात बघू, म्हणते मी,
आणि वेळ भरून काढायला उच्चार घेते:
लिव्ह, ऱ्हस्व, राहणे. ओठ सैल.
लीव्ह, दीर्घ, निघणे. ओठ ताणा,
हसल्यासारखे.
नऊजण हसल्यासारखे करतात.

पुढच्या आठवड्यात शाबा आला नाही.
आजोबांचा जन्मदाखला सापडला होता, पोर्तुगीजमधला,
कडा वाळवीने खाल्लेल्या,
नाव तेच, शाबा, शाबूत.

आठ महिन्यांनी त्याची आई मोबाईल घेऊन
माझ्या दारात.
काल तिच्या घरावरून गेले होते मी.
टिपर अजून अंगणात, हौद्यात तांबडं पाणी,
पाण्यात बेडूक,
काचेवर बँकेची नोटीस उन्हाने पांढरी पडलेली.

"किते बरयलां गो ताणें?"
मी वाचते: आय ॲम लीव्हिंग इन स्विंडन.
पहिल्याच शब्दाला तिला वाटतं, हाक आली.
"ओ," म्हणते ती, स्क्रीनकडे बघून.
पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "ओ."

स्पेलिंगात दीर्घ आहे. माझ्याच वर्गातली चूक.
किंवा चूक नसेलही;
स्विंडनमधून त्या वेळी त्याचे ओठ कसे होते
मला इथून दिसत नाही.

"फुडें?" ती विचारते.
राहतोय म्हणतो तिथे, मी सांगते,
ओठ न ताणता.