पाचवी खुर्ची

समितीत पाच खुर्च्या. पाचवी माझी,
कारण नियमात आहे : एक जण कर्मचाऱ्यांतला हवा.
एरवी मी रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो,
सव्वीस वर्षं, खेळ थांबतो तेवढ्या वेळात,
लोक पॉपकॉर्न आणायला उठतात तेव्हा.

घडलं ते असं.
जिंकून आलेल्या रात्री, महामार्गावरच्या पॅनकेकच्या दुकानात,
कॉलेजची जॅकेटं घातलेली दोन मुलं
टेबलावर चढली, बशा फोडल्या,
आणि "बास करा पोरांनो" म्हणणाऱ्या वर्ना लिंडक्विस्टच्या दिशेनं
गरम कॉफीचं भांडं भिरकावलं.
व्हिडिओ बेचाळीस सेकंदांचा आहे.
भांड्याच्या मुठीवर दोन हात दिसतात,
एकावर एक,
लहान मुलं पैज लावताना धरतात तसे.

एक हात अँडर्स हाल्व्हॉर्सनचा : या मोसमात एकतीस गोल.
दुसरा लिओन पेल्कीचा : या मोसमात बर्फावर एकूण सतरा मिनिटं.

डीनबाईंनी मसुदा आधीच छापून आणला होता.
अँडर्स : एक सामना बाहेर
(तळाच्या संघाविरुद्धचा, हे कागदावर नव्हतं).
लिओन : शिष्यवृत्ती बंद, संघातून नाव कमी.
प्रशिक्षक म्हणाले, अँडर्स मुळात चांगला पोरगा आहे.
मुळात.
लिओनच्या मुळापर्यंत
कुणी गेलंच नाही.

मग दोन माफीपत्रं वाचली गेली.
दोन्हींत "माझ्या कुटुंबाची मूल्यं", दोन्हींत "शिकण्याची संधी",
आणि दोन्हींत वर्नाचं आडनाव एकाच जागी चुकलेलं.

मी बोलत नाही फारसा. यंत्रावर बोलून उपयोग नसतो.
पण मला आठवला बारा वर्षांपूर्वीचा एक मुलगा,
राखीव गोलकीपर. काहीतरी फोडलं होतं त्यानं,
पार्किंगमधली काच की फलक.
त्याच्यासोबत आणखी तिघे होते.
तेव्हाही मी याच खुर्चीत होतो,
चार हात वर गेले, पाचवा माझा,
जेवायची वेळ झाली होती.
वड्याचं तेल वांग्यावर, आणि आम्ही सूप प्यायला गेलो.
परवा रात्रभर जागून पाहिलं,
त्याचं नाव आठवत नाही.

म्हणून विचारलं : त्या बाईला कुणी विचारलं का?
डीनबाईंनी चष्मा काढला.
तसा नियम नाही, म्हणाल्या.

मंगळवारी वर्ना आली, मनगटाला पट्टी,
कोट अंगावरच ठेवून बसली.
म्हणाली, मला पत्र नको.
चार दिवसांची मजुरी बुडाली ती द्या.
आणि त्या बारक्याला हाकलू नका,
तो दुसऱ्या दिवशी आला होता, एकटा,
दाराबाहेर अर्धा तास उभा राहून परत गेला.
मोठा आला नाही. त्याला मी हाकलायला सांगत नाहीये.
दोघांचा हात होता.
एवढं बोलून घड्याळ पाहिलं. तिची पाळी चारची.

तीन विरुद्ध दोन.
दोघांनाही सहा सामने, उपांत्य फेरी धरून,
मजुरी दोघांच्या खिशातून, वडिलांच्या चेकनं नाही.
शिष्यवृत्ती दोघांचीही चालू.

उपांत्य फेरीत आपण चार-एकनं हरलो.
पार्किंगमध्ये माझ्या ट्रकच्या काचेवर
साचलेल्या बर्फात कुणीतरी बोटानं शिवी लिहिली होती,
शुद्धलेखन बरोबर.
मी वायपर फिरवला.

त्या रात्री दोघे तिसऱ्या रांगेत बसले होते,
टाय बांधून, मध्ये एक खुर्ची रिकामी.
अँडर्स माझ्याकडे पाहत नव्हता. लिओन पाहत होता,
आणि मला ते जास्त जड गेलं.
न्याय झाला का, मला सांगता येणार नाही.
यंत्र मागे पातळ पाणी सोडत जातं,
ते गोठलं की ओरखडे दिसत नाहीत;
पण ते खाली असतात, मला ठाऊक आहे,
मीच तर झाकतो.

वर्ना आली नव्हती.
शनिवारी तिची पाळी असते.