खिडकी क्रमांक चार

मेमधला समुद्र फेब्रुवारीत विकत घ्यावा लागतो,
हे मी ब्लाझेनाबाईंना सांगितलं
तेव्हा त्यांच्या टोपीवरचा बर्फ
माझ्या काउंटरवर वितळत होता.

ब्रनो स्टेशनात माझी ही चार नंबरची खिडकी.
बाकीच्या तीन यंत्रांनी गिळल्या.
यंत्र तिकीट देतं, युक्ती देत नाही.
युक्ती अशी, की शुक्रवारी निघूच नये, मंगळवारी निघावं;
झोपायची फळी सोडून बसायची जागा घ्यावी
आणि उशी घरून न्यावी;
व्हिएन्नापर्यंतचं तिकीट वेगळं, तिथून पुढचं वेगळं:
मधेच दोन तुकडे केले
तर प्रवास तेवढाच राहतो, पैसे आटतात.

बाई वहीत उतरवून घेत होत्या,
शिंप्याचा खडू धरावा तसं पेन धरून.
नाटकवाल्यांचे कोट शिवण्यात हयात गेली;
मोजून मग कापायचं, हे त्यांना
शिकवावं लागलं नाही.

चाळीस उन्हाळे एकाच खोपटात, रानाच्या कडेला.
मश्रूम वेचायचे, मिरच्यांच्या बरण्या भरायच्या,
आणि ओट्मार छपरावर, तोंडात खिळे धरून.
"समुद्रात काय असतं?" म्हणाला म्हणे.
"पाणी.
पाण्यात पैसे कशाला घालायचे?"

म्हणून एकच तिकीट. ट्रिएस्ट. चारशे नव्वद क्राउन.
सगळ्यात स्वस्त, म्हणजे
बदल नाही, रद्द नाही, परतावा नाही.
हे मला मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं.
इथे लोक कचरतात, घरी विचारून येतो म्हणतात.
बाई म्हणाल्या, "तेच द्या.
बदलता येईल असंच सगळं घेत आले,
कुठे पोहोचले?"

(मला पास फुकट आहे.
कधीही, कुठेही.
मी व्हिएन्नाच्या पुढे गेलेले नाही.)

अकरा दिवसांनी ओट्मार.
कानटोपी हातात, आवाज बसलेला.
"तिच्या शेजारची जागा."

स्वस्त जागा संपल्या होत्या.
पडद्यावर आकडा तिपटीच्याही वर.
त्यानं वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.
"एवढ्यात विहिरीचा पंप येतो."
मी गप्प राहिले.
पंपाशी वाद घालू नये, एवढं या खुर्चीत शिकलेय.

पण तो हलेना. मागे रांग खोकायला लागली.
मग मी पॅसेंजर गाड्या काढल्या,
ज्यांची जाहिरात कुणी करत नाही,
ज्या दूधवाल्यासारख्या
दिसेल त्या दाराशी थांबतात.
ब्रेक्लाव, व्हिएन्ना, ब्रुक, फिलाख, उदिने:
पाच ठिकाणी उतरा, पाच ठिकाणी चढा,
फिलाखला तीन तास बाकावर.
पाचशे वीस.

"तीस जास्त," तो म्हणाला.
"तीस जास्त."
"आणि ती मला कुठे भेटणार?"
"बाई रात्रीच्या गाडीनं, सकाळी नऊला उतरतील.
तुम्ही आदल्या दिवशी पहाटे निघालात
तर त्याच रात्री अकराला तिथे."
त्यानं बोटांवर मोजलं.
"म्हणजे मी आधी?"
"दहा तास आधी."

एवढ्या वेळात पहिल्यांदा
त्याच्या मिशा हलल्या.
नोटा एकेक करून ठेवल्या, सुटे तीस वेगळे,
आणि काचेच्या भोकाशी तोंड आणून म्हणाला,
"तिला सांगू नका."

अशा तिकिटांना परतावा नसतो, तरी लोक येतात.
तापाचं सर्टिफिकेट घेऊन येतात,
मांजर गेल्याचं सांगतात,
काचेवर थापटतात.
मी जूनअखेरपर्यंत पाहिलं.
त्या दोघांपैकी कुणी आलं नाही.