बारा पूर्णांक चार

पहिला थेंब पुसायचा. दुसराही.
तिसरा घ्यायचा, न दाबता, आपणहून आलेला.
असं मी नव्या पोरींना शिकवते
आणि आज मीच दाबलं तिचं बोट.
बर्फाची कांडी ते, थेंब येईना,
आणि एल आल्तोच्या इमर्जन्सीत
रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं झालेली.

सतुर्निना तिकोना. बटाट्याच्या ट्रकवरून पडली.
अंगावर पाच घेरदार परकर, एकावर एक,
पाचही कोरडे.
"जरा गरगरतंय," म्हणाली, आयमारात, फक्त मला.

तळहाताएवढं यंत्र
मिनिटभर विचार करतं. मग म्हणतं: १२.४

डॉक्टर सुआरेस सांताक्रूसचे, सखल मुलखातले.
तिकडे बारा म्हणजे बाई धडधाकट.
"वॉर्डात न्या. सकाळी बघू."

शितावरून भाताची परीक्षा, कबूल.
पण या उंचीवर पाणी लवकर उकळतं
आणि भात कच्चा राहतो,
एक शीत मऊ, शेजारचं टणक.
आमच्या बायकांच्या रक्तात पंधरा असतात, सोळा असतात,
विरळ हवेत तेवढं लागतंच.
शिवाय वाहून जाणारं रक्त
लाली आणि पाणी दोन्ही घेऊन जातं,
अर्ध्या भांड्यात उरलेलंही
तितकंच दाट दिसतं.
आणि मी बोट दाबलेलं.
आकडा खोटा असेल तर कुठल्या बाजूने,
हे मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या हाताचं घेतलं. १३.१
"बघ, वाढतंय," डॉक्टर हसले.

मी तिची खालची पापणी ओढली.
धुऊन पालथं घातलेल्या बशीसारखी.
"डॉक्टर, यंत्र राहू द्या. हात धरा तिचा."
त्यांनी धरला.
बराच वेळ धरला.
मग काही न बोलता फोनकडे गेले.

तीन वाजून दहा मिनिटांनी लॅबमधून एफ्राइन:
"दहा पूर्णांक नऊ. नळी कुणाची ही?"
तोवर तिचं पोट उघडलं होतं,
प्लीहा फाटलेली.

यंत्र मी स्पिरिटने पुसलं, खणात ठेवलं.
रागाने नाही. उद्या परत लागेलच.

बाहेर ट्रकवाला, टोपी हातात.
"किती?" त्याने विचारलं.
तो पैशांचं विचारत होता.
मी आकडा सांगायला तोंड उघडलं होतं.