सोमवारच्या बाटल्या

नोंदवहीत सगळं ठीक आहे.
पिझोमीटर क्रमांक सात:
चार पूर्णांक दोन, चार पूर्णांक दोन,
आषाढातही तेवढंच, मार्गशीर्षातही तेवढंच.
पाणी इतकं एकवचनी नसतं.
मी नळीत टेप सोडली.
दीड मीटरवर तिचं नाक राखेत रुतलं.
नळी केव्हाच बुजलेली;
आकडा मात्र हयात,
दर पंधरवड्याला सही करून घेणारा.

नाशिकरोड मागे पडतं, द्राक्षबागांच्या तारा संपतात,
तिथून हा करडा माळ:
जळून उरलेला कोळसा, पाण्यात कालवून साठवलेला.
वरून जमिनीसारखा दिसतो.
टिटव्यांचं वजन पेलतो.
माणसाचं पेलतो कडेकडेला, मधे नाही.
ओली राख हादरली की एका श्वासात विसरते
आपण कधी घट्ट होतो ते.

पहिला बांध दगड-मुरुमाचा.
दुसरा त्याच्या आत सरकून, राखेवरच पाय ठेवून.
तिसरा दुसऱ्याच्या खांद्यावर.
दहीहंडीच ही,
फक्त खालच्यांना सांगितलेलं नाही
वर कोण चढलंय.

कार्यालयात संगणक बांधाच्या पोटातून
हजार कोयते फिरवून बघतो,
कुठला सहज जाईल.
सापडला. गुणांक एक पूर्णांक अठ्ठावीस.
हवा होता दीड.
साहेब म्हणाले, एकच्या वर आहे ना? म्हणजे उभा आहे.
उभा आहे, सर.
पण पाणी मी नोंदवहीतलं धरलंय.

पुंजाराम आहेर, बांधावरचे पहारेकरी,
मला चौकीत घेऊन गेले.
खिडकीत सोड्याच्या बाटल्या, ओळीने.
दर सोमवारी पायथ्याच्या चरातून एक भरायची,
खडूने तारीख घालायची.
"यंत्र मोडलं तवापासून मी हेच बघतो, ताई.
निवळ पाणी झिरपलं तर बांधाला घाम आलाय.
गढूळ आलं, तर बांध निघालाय."
मग वहीतले आकडे?
"वरून फोन येतो. त्यांना आकडा लागतो.
बाटली फोनवर सांगता येत न्हाई."

शेवटच्या तीन बाटल्यांच्या तळाला करडा गाळ.
एकीत नखभर.
एकीत पेरभर.
परवाच्या सोमवारी, बोटभर.

परिशिष्ट क: खालच्या बाजूची लोकसंख्या,
दिवसा, रात्री.
ओढ्याच्या वळणात कोठुळे वस्ती, घरं एकोणीस.
"घरकुलाचा सर्व्हे का?" सिंधूबाईंनी विचारलं.
नाही म्हटलं, तरी उंबऱ्यावर बसून बोटं मोजू लागल्या.
दिवसा एकतीस, बाकीचे कांद्याच्या खळ्यावर.
रात्री अठ्ठ्याण्णव.
"बाळंतीण एक धरायची का दोन?"
मी दोन धरली.
म्हसोबाच्या टेकाडावर जायला किती वेळ लागतो?
"चहा उकळंस्तोवर."
आणि सासूबाईंना घेऊन?
"मग दोनदा उकळंल."
माझ्या नकाशावर अकरा मिनिटं होती.
तिथं चूल कशी पेटते, किती ओली असते,
हे नकाशाला ठाऊक नाही.

तिसरी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून
मांडीवर धरून आणली.
द्वारका चौकात नेहमीसारखी कोंडी.
शेजारच्या ट्रकचं इंजिन थरथरलं,
माझी रिक्षा थरथरली,
आणि कागद बाजूला करून पाहिलं तर
वरचं निवळ पाणी नव्हतंच कुठे,
सगळी बाटली एकाच रंगाची.

साहेबांच्या टेबलावर ठेवली.
हलवू नका, म्हटलं, बसू द्या आधी.
त्यांनी घड्याळ पाहिलं, डबा पाहिला,
मग खुर्ची पुढे ओढली.
आम्ही दोघं बघत राहिलो.
पंख्याखाली कागद फडफडत होते.
राख बसायला वेळ घेते.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात काय मावणार?
लिहिलं:
क्रमांक सातचे वाचन ग्राह्य धरू नये.
सोबत, बाटली एक.